तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं, इन्शुरन्सचं आधी काय करू?

नेहरूनगर_तळमजला:
नमस्कार मंडळी. कुर्ला पूर्वेला राहतो आम्ही, जुनी सोसायटी, तळमजला. परवा पहाटे घरात पाणी आलं. आधी बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येऊन काळं पाणी वर यायला लागलं, आम्ही त्यावर पोतं टाकून पाटा ठेवला तर तेवढ्यात दारातूनच लोंढा आत. गुडघ्याच्या वर होतं, दुपारी ओसरलं. फ्रीज आडवा तरंगत होता, वॉशिंग मशीन गेलं, प्लायवूडचं कपाट फुगून दारं लागत नाहीत, गाद्या, सोफा, किचनच्या खालच्या ट्रॉल्या सगळं चिखलात. माणसं ठीक आहेत, सासूबाईंना वरच्या काकूंकडे नेऊन ठेवलं होतं.

आता प्रॉब्लेम असा की गणपती आठ दिवसांवर आलाय आणि सासूबाईंचं म्हणणं की हा सगळा नरक आजच्या आज बाहेर फेका, फिनेलने घर धुवा, भंगारवाला खाली उभाच आहे. मिस्टर म्हणतात थांब, होम लोनबरोबर बँकेने इन्शुरन्स काढला होता, तो मिळेल. पण नेमका कुठला इन्शुरन्स ते त्यांनाही माहीत नाही, तेव्हा सह्या करत गेलो फक्त. कोणाला अनुभव असेल तर सांगा, पहिलं काय करायचं? आणि लोनचा हप्ता पाच तारखेला आहे तो वेगळाच.

चुनाभट्टीकर:
ताई, भंगारवाल्याला आधी घरी पाठवा. हे मी हात जोडून सांगतोय कारण २६ जुलै २००५ ला आम्ही नेमकं हेच केलं होतं. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस पडला, आमच्या घरात छातीभर पाणी, आणि तिसऱ्या दिवशी वास सहन होईना म्हणून आम्ही सगळं रस्त्यावर टाकलं, गल्लीतल्या सगळ्यांनीच टाकलं, महापालिकेच्या गाड्या भरभरून घेऊन गेल्या. नंतर आठवलं की अरे, आपली पॉलिसी आहे. कंपनीचं नाव घेत नाही. माणूस आला तोवर घर धुतलेलं, भिंतीला चुना लावलेला, तो म्हणाला काका दाखवा काय गेलं. काय दाखवणार कपाळ? शेवटी जे मिळालं त्यात टीव्हीसुद्धा आला नसता.

म्हणून आधी फोटो. पण नुसते चिखलाचे नाही. दारात उभं राहून पूर्ण खोली, मग एकेक वस्तू, मग त्या वस्तूमागचा स्टिकर ज्यावर मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर असतो. फ्रीजचा बहुतेक आतल्या बाजूला असतो, मशीनचा मागे. आणि भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलीय ना, ती पुसायची नाही अजिबात. शिवणकामाची टेप जमिनीपासून रेघेपर्यंत लावा आणि टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढा. व्हिडिओ काढताना तोंडाने तारीख वेळ बोला.

मेन स्विच चालू करू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बघू दे. फ्रीज "चालतोय का बघू" म्हणून प्लगला लावू नका, चुकून चालला असता तो पण जाईल.

कांदिवली_वेस्ट:
लोन आहे म्हणजे बँकेचा इन्शुरन्स असतोच, टेन्शन घेऊ नका. बँकेत जा, ते बघतील.

सर्व्हे_लाइन:
वरच्या कांदिवलीकरांना नमस्कार, पण हे चुकीचं आहे आणि यातच लोक फसतात. मी जनरल इन्शुरन्समध्ये बरीच वर्षं काढली, क्लेमच्या बाजूला. होम लोनबरोबर बँका जे विकतात ते ७०-८० टक्के, म्हणजे मी पाहिलेल्या फायलींत तरी, लोन प्रोटेक्शन असतं. म्हणजे कर्जदार गेला तर कर्ज फिटतं. तो जीवनविमा झाला. त्यात पुराचा काही संबंध नाही, घर वाहून गेलं तरी त्यातून रुपया नाही. घराचा विमा वेगळा.

ताई, लोनच्या पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट काढा, त्यात प्रीमियमची एक किंवा दोन एन्ट्री असतील. सँक्शन लेटरमध्ये पण लिहिलेलं असतं. ज्या कंपनीच्या नावात 'लाइफ' आहे ती आपली नाही, 'जनरल' वाली शोधा. ईमेलमध्ये "गृह रक्षा" असं सर्च करून बघा. १ एप्रिल २०२१ पासून इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकच ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल कंपन्यांना विकायला लावलीय, त्यामुळे त्यानंतरची असेल तर बहुतेक तीच.

सापडली की त्याच मिनिटाला टोल फ्रीवर क्लेम कळवा, क्लेम नंबर घ्या, आणि लगेच त्याच गोष्टीचा ईमेल टाका. फोनवर सांगितलं म्हणून बसू नका, ईमेल म्हणजे ईमेल. दोन दिवस उलटले म्हणून घाबरू नका, कारण खरं असेल तर नुसत्या उशिरासाठी क्लेम उडवू नये असं इर्डाने २०११ लाच कंपन्यांना बजावलंय. पण म्हणून अजून चार दिवस घालवू पण नका.

नेहरूनगर_तळमजला:
सापडली!! मिस्टरांच्या जुन्या ईमेलमध्ये होती, स्पॅममध्ये. भारत गृह रक्षाच आहे, दहा वर्षांची, बिल्डिंग १२ लाख असं लिहिलंय. पण सामानाच्या पुढे काही वेगळं लिहिलेलं दिसत नाही. म्हणजे फ्रीज-मशीनचं काहीच नाही का? आमचं नुकसान सगळं सामानाचंच आहे, भिंती तर उभ्या आहेत.

सर्व्हे_लाइन:
हेच तर या पॉलिसीतलं चांगलं आहे. बिल्डिंगचा विमा घेतला की घरातल्या साध्या सामानाला त्याच्या २० टक्के आपोआप कव्हर मिळतं, वेगळी यादी न देता, जास्तीत जास्त १० लाख. तुमचे १२ लाख म्हणजे सामानाला २ लाख ४० हजार. पण पॉलिसीचं पान नीट बघा, 'फक्त बिल्डिंग' असं स्वतःहून निवडलेलं नसलं म्हणजे झालं. आणि बिल्डिंग म्हणजे नुसत्या भिंती नव्हे हो, टाइल्स, वायरिंग, ओट्याखाली कायमचं बसवलेलं फर्निचर हे बिल्डिंगमध्ये मोजायला सांगा. ट्रॉल्या सामानात घातल्या तर तुमचे २.४० लाख उगाच त्यात संपतील.

१२ लाख बघून कोणी म्हणेल कुर्ल्यात फ्लॅट १२ लाखाला मिळतो का. तर नाही, पण विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जमिनीचा नाही. आणि कमी रकमेचा विमा काढला म्हणून क्लेम त्या प्रमाणात कापणं, जे जुन्या पॉलिसीत सर्रास व्हायचं, ते यात नाही.

काय मिळत नाही ते पण ऐका. रोख पैसे, कागदपत्रं, गाडी, हे नाही. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, घेतलं नसेल तर विसरा. आणि पुरानंतर सात दिवसांत त्या गोंधळात चोरी झाली तर ती कव्हर आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

फॉर्मवर एक गोष्ट जपून. तुम्ही वर लिहिलंत बाथरूमच्या जाळीतून पाणी आलं. ते खरंच आहे तर लिहाच, पण नुसतं "ड्रेनेज लीकेज" असं दोन शब्दांत लिहून मोकळ्या होऊ नका, समोरचा त्याला घराच्या देखभालीचा प्रॉब्लेम समजतो. जे झालं ते पूर्ण लिहा, अमुक तारखेच्या मुसळधार पावसाने रस्त्यावर पाणी साठलं, ते गटारातून उलटं आणि दारातून आत आलं, इतकी उंची, इतके तास. त्या दिवशीच्या पेपरातलं तुमच्या भागाचं कात्रण जोडा. क्लेम फॉर्म नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

सेक्रेटरी_मुलुंड:
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (कोणी विचारत नाही म्हणून अजून आहे) तर एक सांगतो. सोसायटीची पॉलिसी आहे का ते तुमच्या सेक्रेटरीला आजच विचारा. आपल्या मॉडेल बायलॉजमध्ये (सोसायट्यांची नमुना नियमावली) बिल्डिंगचा आग आणि भूकंपाचा विमा काढायलाच हवा असं आहे, मेंटेनन्सच्या बिलात 'इन्शुरन्स' अशी ओळ असते बघा. आता त्यात पूर आहे का हे पॉलिसी बघितल्याशिवाय कळणार नाही, आमच्याकडे होता. त्यातून मीटर बॉक्स, पाण्याच्या पंपाची मोटर, लिफ्टचा खड्डा हे मिळतं. तुमच्या घरातला फ्रीज सोसायटीच्या पॉलिसीत येत नाही. आणि एकच भिंत दोन्ही पॉलिसीत दाखवून दोनदा पैसे मिळत नाहीत, तसं करायला गेलात तर दोन्हीकडून शंका घेतील. आमच्याकडे एकाने केलं होतं, सहा महिने सगळ्या बिल्डिंगचा क्लेम अडकला.

सेक्रेटरीकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या, तळमजल्याच्या या या घरांत एवढं पाणी आलं होतं म्हणून. फुकट मिळतं आणि कामाला येतं.

फाईलवाली:
कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही म्हणून. ताई, तुमचं लोन चालू आहे म्हणजे ओरिजिनल ॲग्रीमेंट बँकेकडे असेल, ते कोरडं आहे, एक काळजी मिटली. भिजलेली फाईल असेल तर कागद एकमेकांपासून ओढून काढू नका, फाटतात. आख्खी फाईल उभी ठेवून पंख्याखाली (शेजाऱ्यांच्या, तुमची लाइट बंद असेल तर!) अर्धवट वाळू द्या, मग एकेक सुटा होतो. इस्त्री फिरवू नका, शाई पसरते, मी माझ्या सासऱ्यांचं मृत्युपत्र अशा इस्त्रीने घालवलंय.

इंडेक्स टू (घराच्या ॲग्रीमेंटच्या नोंदणीचा उतारा) नोंदणी विभागाच्या साइटवरून निघतो, ॲग्रीमेंटची सर्टिफाइड कॉपी सब-रजिस्ट्रारकडे मिळते, शेअर सर्टिफिकेट डुप्लिकेट सोसायटी देते पण त्याला ठराव वगैरे वेळ लागतो. आधार, लायसन्स, आरसी डिजिलॉकरवर. भिजलेल्या, चिकटलेल्या नोटा फेकू नका, भिजलेल्या कुठल्याही बँकेत बदलून मिळतात, सुटतच नाहीत अशा चिकटल्या असतील तर रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात न्याव्या लागतात, फाटकी असेल तर किती तुकडा शिल्लक आहे त्यावर पूर्ण किंवा अर्धी किंमत.

माहीमचा_बंड्या:
इन्शुरन्स वगैरे सगळी बनवाबनवी आहे, वीस वर्षं भरा आणि वेळ आली की हात वर. ते पैसे एफडीत टाकले असते तर चार फ्रीज आले असते.

चुनाभट्टीकर:
बंड्या भाऊ, २००५ मध्ये मीही हेच म्हणालो होतो आणि चूक माझी पण होती. घराच्या विम्याचा प्रीमियम मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी पडतो वर्षाला, त्यात एफडी कुठली करणार.

नेहरूनगर_तळमजला:
क्लेम नंबर मिळाला. उद्या सर्व्हेअर येणार असा मेसेज आलाय. सासूबाईंना कसंबसं पटवलंय, गाद्या मागच्या पॅसेजमध्ये ठेवल्यात, पण वास असह्य आहे, खालच्या डब्यांतले डाळ-तांदूळ आंबलेत. ते तरी टाकू ना? आणि धाकट्या दिरांची स्कूटर पण पाण्यात होती, ते सकाळपासून किक मारतायत.

सर्व्हे_लाइन:
धान्य टाका हो, फोटो काढून टाका, आजारपण नको. गाद्यांचं असह्य झालं तर कव्हर आणि आतल्या कापसाचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवा, कंपनीला ईमेल करा की आरोग्यासाठी टाकतोय, फोटो जोडलेत, आणि मग टाका. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी असते, त्यामुळे घर सुकवणं, चिखल काढणं थांबवू नका. फक्त पुरावा जाऊ देऊ नका.

दिरांना म्हणावं किक थांबवा! आत पाणी असताना इंजिन फिरवलं की रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते हे पुराचं नुकसान नाही, तुमच्या चालू करण्यामुळे झालं. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन (इंजिनासाठी जादा घेतलेलं कव्हर) असेल तर गोष्ट वेगळी. टो करून गॅरेजला. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा असेल तर मात्र काही मिळणार नाही.

कुर्ला_कोर्टासमोर:
सरकारी मदतीसाठी तहसीलदार ऑफिसचा पंचनामा वेगळा, इन्शुरन्सचा सर्व्हे वेगळा, एक झाला म्हणजे दुसरा झाला असं समजू नका. आमच्या चाळीत तलाठी येऊन गेले तेव्हा आम्ही कामावर आणि नाव राहिलं, मग हेलपाटे. घरात एक माणूस ठेवा, रेशन कार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स हाताशी. रक्कम फार नसते, २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात शहरात कुटुंबामागे १५ हजार जाहीर झाले होते. पण पंचनाम्याची कॉपी इन्शुरन्सला जोडता येते हा फायदा.

हप्त्याचं. बँकेला न सांगता चुकवू नका, बाउन्स चार्ज पण लागतो आणि सिबिल पण बिघडतो. आपत्तीत हप्ते पुढे ढकलायच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत पण त्या आपोआप लागू होत नाहीत, राज्य पातळीवर बँकांची कमिटी ठरवते तेव्हा. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि पाच मिनिटांत लोन देणारी ॲप्स आता फार मेसेज पाठवतील, त्यांच्या नादाला लागू नका. मिस्टर नोकरीत असतील तर पीएफमधून नैसर्गिक आपत्तीसाठी ॲडव्हान्स निघतो, ते कर्ज नाही, परत भरायचं नाही.

नेहरूनगर_तळमजला:
चार दिवसांनी अपडेट देतेय, उशीर झाला सॉरी.

सर्व्हेअर आले होते, भला माणूस होता, बूट बाहेर काढून चिखलात अनवाणी फिरला. रेघेचा टेपवाला फोटो बघून म्हणाला हे कोणी सांगितलं तुम्हाला. त्याने स्वतः पण परत मोजलं, कपाटाच्या मागे ६३ सेंटिमीटर. मग बिलं मागितली. फ्रीजचं ऑनलाइन मिळालं, मशीनचं दुकानदाराने फोन नंबरवरून काढून दिलं, पण कपाट आणि सोफा सुताराकडून करून घेतलेले, त्याचं कुठलं बिल. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, अगं मागच्या वर्षीचे गणपतीचे फोटो बघ की. आणि खरंच, आरतीच्या फोटोत मखराच्या मागे आख्खं कपाट, बाजूला सोफा, त्यावर मामेसासरे बसलेले, टीव्ही पण! पाच वर्षांचे गणपती काढले, प्रत्येकात घरातली एकेक वस्तू. त्याने सगळे मागून घेतले.

आता एक प्रश्न. एक माणूस दारावर आला होता, क्लेम कन्सल्टंट म्हणे, "२० टक्के द्या, डबल मंजूर करून देतो". आणि दुसरं, सर्व्हेअर म्हणाला नंतर कंपनी एक व्हाउचर पाठवेल त्यावर सही करायची. लगेच करायची का?

सर्व्हे_लाइन:
कन्सल्टंटला चहा पण पाजू नका. तो खोटी बिलं लावतो आणि एक खोटं बिल सापडलं की खरा क्लेम पण जातो.

गणपतीच्या फोटोंची आयडिया एक नंबर, मी वीस वर्षांत नाही ऐकली.

व्हाउचरवर 'फुल अँड फायनल' लिहिलेलं असतं. रक्कम पटली तर करा सही. नाही पटली तर आधी सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा, कुठे काय कापलंय ते बघा, घसारा (वस्तू जुनी म्हणून किंमत कमी धरणं) लावलाय की नवीन वस्तूची किंमत धरलीय, ट्रॉल्या कशात मोजल्यात, आणि ईमेलवर मुद्दे लिहा. २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत, आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. तारखा वहीत लिहून ठेवा. बिल्डिंगच्या भागाचा चेक बँकेच्या नावाने निघू शकतो, पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर, तेव्हा बँकेला आधीच विचारा की दुरुस्तीसाठी सोडणार की कर्जात वळवणार.

अडलंच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, मग इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल, ऑफिस सांताक्रूझ वेस्टला आहे, ५० लाखांपर्यंतचे क्लेम बघतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जायचं.

नेहरूनगर_तळमजला:
खूप आभार सगळ्यांचे. वही केलीय, मुलीची जुनी चौरेघी. भंगारवाला आज परत आला, फ्रीजचे साडेतीनशे म्हणतोय, त्याला सांगितलंय कंपनीचा ईमेल आल्याशिवाय नाही. सर्व्हेअर म्हणाला भंगाराची किंमत क्लेममधून वजा करतात, म्हणून त्याच्याकडून भाव चिठ्ठीवर लिहून घेतला. मूर्ती यंदा लहान आणतोय, वरच्या काकूंकडे बसवणार.

चुनाभट्टीकर:
आरतीचे फोटो काकूंच्या हॉलचे पण काढून ठेवा, ताई. पुढच्या वर्षी त्यांना लागले तर.